सकाळची प्रार्थना आणि आपल्या स्टेशनावरून गेलेला एक प्रवासी



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. प्रार्थनेच्या रांगेत कोण कोणाला चिमटे काढायचे आणि कोणाला उशिरा आल्याबद्दल गेटबाहेर उभे राहावे लागायचे, ते त्यांनी खुशाल लिहावे. मला इतिहासाचा तास आवडायचा, म्हणून मी इतिहासाचेच लिहितो. विषय मात्र प्रार्थनेचाच आहे. आपण मैदानात ओळीने उभे राहून म्हणायचो ती प्रार्थना नव्हे, तर आपल्या वर्गातली तीन-चार मुले शाळेत येण्याआधी घरी म्हणून यायची ती. ख्रिस्ती घरातली सकाळची प्रार्थना, आणि तीही मराठीतली.

तेव्हा आपल्याला तिच्याबद्दल फार काही ठाऊक नव्हते. नाताळला केक मिळतो एवढे ज्ञान पुरेसे वाटायचे. त्या प्रार्थनेच्या मराठी रूपाचा एक मोठा धागा गोंदियावरून जाणाऱ्या रेल्वेलाइनीशी जोडलेला आहे, हे मला फार उशिरा, नोकरीतून मोकळा झाल्यावर वाचनात सापडले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव आपल्याला पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे. बाण लागलेली पक्षीण कशीबशी उडत पिलांपाशी येते, ती कविता म्हणताना बाईंचा आवाज भरून यायचा आणि मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा गप्प बसायची. फुलामुलांचे कवी म्हणून टिळक आपल्याला शिकवले गेले. नावाआधीचे ‘रेव्हरंड’ कुठून आले, हे विचारावे असे तेव्हा कोणालाच सुचले नाही.

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन घराणे, संस्कृतचा व्यासंग, हातात कीर्तनकाराची आणि शीघ्रकवीची कला, आणि पाय एका जागी न ठरणारे. गावोगाव फिरत १८९०च्या सुमारास ते नागपूरला आले. तिथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, ‘ऋषि’ नावाचे मासिक चालवले. पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली आणि नागपूरहून ते आगगाडीने राजनांदगावला निघाले. वर्ष १८९३.

ही लाइन म्हणजे आपलीच लाइन. नागपूर-छत्तीसगड रेल्वे नावाने आधी अरुंद रूळ पडले. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने रूळ रुंद केले आणि १८९१ मध्ये नागपूर ते आसनसोल हा सगळा मार्ग खुला झाला. भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा, डोंगरगड आणि मग राजनांदगाव. गोंदिया साधारण मध्याच्या थोडे पुढे. त्या वेळी ते जंक्शनही नव्हते. जबलपूरची छोटी लाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. तालुका तिरोडा, जिल्हा भंडारा. गोंदिया जिल्हा तर १ मे १९९९ ला झाला; आपल्यापैकी बहुतेकांच्या दाखल्यांवर अजून भंडाराच आहे.

त्या गाडीत टिळकांच्या डब्यात एक गोरे गृहस्थ होते. त्यांनी टिळकांशी संस्कृत काव्याच्या गप्पा काढल्या. बोलता बोलता विषय ख्रिस्ती धर्मावर गेला. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, अशा अर्थाचे भाकीतही केले. टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण भाकितावर थांबतात. मला त्यापेक्षा पुढची हकिगत महत्त्वाची वाटते. पुस्तक पाहिल्याबरोबर टिळक भारावून गेले नाहीत. पेन्सिल घेऊन, शंका येईल तिथे खुणा करत, एखाद्या परीक्षकासारखे ते वाचायला लागले. वाचत वाचत मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथे मात्र त्यांच्याने पुस्तक खाली ठेववेना.

माझ्या विषयाच्या दृष्टीने खरी जागा हीच. कारण ख्रिस्ती माणूस सकाळी डोळे उघडल्यावर जी प्रार्थना म्हणतो, येशूने शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’, ती याच प्रवचनाच्या मधोमध आहे. अगदी लहान, एका मिनिटात संपणारी. तिच्यात माणूस स्वतःच्या पोटासाठी जे मागतो ते एकच, आणि तेही आजच्यापुरते. आज प्रचलित असलेल्या मराठी शुभवर्तमानात त्या जागी शब्द आहे ‘भाकर’. भाताच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो देशावरचा वाटेल. हे भाषांतर झाडीपट्टीत झाले असते तर तिथे कदाचित पेज आली असती! पण भाषांतरकारांनी पाव न घालता भाकर घातली, हे फार चांगले केले. इथले पोट इथल्याच शब्दात बोलले.

त्या भाकरीच्या आधी जे विशेषण आहे, त्याचा मूळ ग्रीक शब्द फारच विरळा आहे. त्याच्या अर्थावर विद्वानांचे वाद पहिल्या काही शतकांपासून चालू आहेत. कोणी ‘आजच्यापुरती’ म्हणतात, कोणी ‘गरजेपुरती’, कोणी ‘येणाऱ्या दिवसाची’. हा तिसरा अर्थ धरला तर तीच प्रार्थना रात्री म्हटली की उद्याची होते आणि सकाळी म्हटली की आजची. कोठार भरून द्या, असे कोणत्याच अर्थात बसत नाही.

सकाळच्या प्रार्थनेची मुळे अर्थात याहून जुनी आहेत. यहुद्यांच्या स्तोत्रसंहितेत पहाटेची स्तोत्रे आहेत. यरुशलेम शहर बाबिलोनच्या सैन्याने जाळल्यानंतर रचलेल्या विलापगीतात, शोक अगदी टोकाला पोचलेला असताना, उजाडण्याबरोबर देवाची दया पुन्हा नव्याने सुरू होते हा विचार येतो. येशू स्वतः अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जात असे, असे मार्क लिहितो. पुढे मठांमधून पहाटेच्या उपासनेचे नियम बांधले गेले. इंग्लंडच्या चर्चने १५४९ मध्ये प्रार्थनेचे पुस्तकच छापून रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या उपासना जनतेच्या भाषेत दिल्या. मराठीत तर फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये, गोव्याच्या साष्टीत, जवळपास अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचून ख्रिस्ती भक्तीला ओवीचे घर मिळवून दिले होते. ते घर पुढे पोर्तुगीज राजवटीतच ओस पडत गेले. एकोणिसाव्या शतकात मिशनरी मंडळी मुंबई, अहमदनगर, नागपूर इथे आली तेव्हा मराठी प्रार्थनेची मांडणी त्यांना बरीचशी नव्याने करावी लागली. आपल्याकडे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, आणि त्यांच्याच स्कॉटिश मिशनचे काम पुढे भंडाऱ्यापर्यंत पोचले.

आता ‘कठीण काळ’ म्हणजे काय, ते आपल्या जिल्ह्याच्या हिशेबात पाहू.

१८९६ च्या पावसाळ्यात पाऊस लवकर उघडला. धान पोटरीवर असताना पाणी तुटले की काय होते, हे आपल्या वर्गातल्या शेतकरी पोरांना सांगावे लागत नाही. मामा तलाव होते म्हणून काही शेते वाचली, बाकी गेली. त्यातून वर येण्याआधीच १८९९-१९०० चा छपन्याचा दुष्काळ आला. पाठोपाठच्या या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची कंबर मोडली. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत, म्हणजे ज्या काळात लोकसंख्या वाढायला हवी त्या काळात, भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे दहा टक्क्यांनी घटली. कोणी भुकेने गेले, कोणी तापाने, कोणी मुलूख सोडून गेले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली कितीतरी घरे या हिशेबात आहेत. त्यांची नावे कोणत्याच पाटीवर नाहीत.

पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या भुकेल्या मुलींना हुडकायला एक मराठी बाई आल्या. पंडिता रमाबाई. त्या होशंगाबाद-सोहागपूरकडच्या भागात फिरल्या. त्यांना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थयात्रा करत हिंडताना त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण असे तिघेही गेले होते. ज्या मुलीने स्वतः पाने आणि फळे खाऊन दिवस काढले, ती आता चाळिशीच्या उंबरठ्यावर, पांढऱ्या साडीत, मध्य प्रांतातल्या दुष्काळी छावण्यांतून मुली उचलत होती. शेकडो मुली तिने नेल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, शहरात आणखी मुली आणायला मनाई झाली. म्हणून केडगावच्या माळावर तंबू पडले, झोपड्या उठल्या आणि मुक्ती मिशन उभे राहिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. दुष्काळात मुलांना सांभाळायचे आणि आपल्या धर्मात घ्यायचे, यावर त्या काळी कडक टीका झाली. ती सगळी टीका द्वेषातून आली होती असे मी म्हणणार नाही. पोटाची अडचण आणि श्रद्धेची निवड एका ताटात वाढली की प्रश्न उठणारच. पण टीका करणाऱ्यांपैकी किती जण सोहागपूरच्या छावणीत गेले होते, हाही प्रश्न आहेच.

मुक्तीमध्ये दिवस प्रार्थनेने सुरू व्हायचा, आणि मग दळणे, विणणे, शेत, छापखाना, शाळा. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी खास प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले, तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. काही महिन्यांत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. दिवसातून दोनदा त्या जमत. त्या वर्षीच्या जूनमध्ये तिथे जो भक्तीचा उमाळा आला, त्याच्या बातम्या जगभरच्या ख्रिस्ती नियतकालिकांनी छापल्या. लोकांनी त्यातल्या रडण्या-ओरडण्याचे, चमत्कारांचे वर्णन चवीने केले. मला दिसतात त्या साडेपाचशे मुली. त्यांतल्या कितीतरी जणींनी आई किंवा भाऊ डोळ्यांसमोर भुकेने जाताना पाहिले असतील. त्यांनी भाकरीची ती ओळ रोज म्हणताना तिचा अर्थ कोणाला विचारावा लागला नसेल.

टिळकांवर आलेली वेळ वेगळी होती. धर्मांतराबरोबर त्यांचे घर तुटले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या, टिळक अहमदनगरला एकटे. चार-साडेचार वर्षे असे चालले. याची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवली आहे, आणि मराठीत इतके खरे, इतके हसत-रडत लिहिलेले दुसरे पुस्तक मला माहीत नाही. टिळकांनी निर्णय घेतला स्वतःच्या सत्यासाठी. त्याची किंमत मात्र विचारले न गेलेल्या बायकोने मोजली. टिळकांविषयी आदर ठेवूनही हे म्हणावेच लागते. लक्ष्मीबाई पुढे परत आल्या. आधी सोवळे सांभाळून वेगळी चूल मांडली, मग हळूहळू जातिभेदाची गाठ त्यांच्या त्यांनीच सोडवली, आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या. नवरा झाला म्हणून नव्हे, मला पटले म्हणून, हा त्यांचा बाणा.

या एकटेपणातून आणि नंतरच्या संसारातून टिळकांची प्रार्थनागीते आली. त्याआधी मराठी चर्चमध्ये बरीचशी गीते इंग्रजीवरून उतरवलेली आणि विलायती चालींवर बसवलेली होती. शब्द मराठी, पण श्वास परका. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी वळणाची पदे लिहायला सुरुवात केली होतीच. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन हे सगळे दालनच उघडून दिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. आपल्या घरांतून पहाटे भूपाळ्या असायच्या, देवळात काकड आरती, आणि आयाबाया जात्यावर बसल्या की ओवी. मराठी माणसाची सकाळ आधीच गाणारी होती. टिळकांनी ख्रिस्ती घरातल्या सकाळीला तोच सूर दिला. ‘उपासना संगीत’ या मराठी चर्चच्या गीतसंग्रहात त्यांची पदे मोठ्या संख्येने आहेत आणि आजही गायली जातात. नागपूर-भंडारा-गोंदियाकडच्या मराठी उपासनेतही पेटी-तबल्यावर ती ऐकू येतात.

त्यांच्या भक्तिपर रचना एकत्र वाचल्या तर एक गोष्ट लक्षात येते. संकट टाळ, असे मागणे त्यांत थोडे. सोबत राहा, हात सोडू नको, आणि मला दुसऱ्याच्या उपयोगी पडू दे, हे मागणे जास्त. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्याआधी दोन वर्षे मिशनचा पगार सोडून ते संन्याशाच्या वृत्तीने राहिले होते.

याच जातीची एक प्रार्थना पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत लिहिली गेली. दीट्रिश बोनहोफर हे ल्यूथरन पाळक हिटलरविरोधी गटात होते. एप्रिल १९४३ मध्ये त्यांना पकडून बर्लिनच्या टेगल तुरुंगात ठेवले. त्या वर्षीच्या नाताळला त्यांनी सोबतच्या कैद्यांसाठी काही प्रार्थना लिहून दिल्या. त्यांतली एक सकाळची. रात्री विमानांचे बाँबहल्ले, दिवसा चौकशी, आणि कोठडीत सकाळी उठल्यावर म्हणायला ही प्रार्थना. माझ्यापाशी जे नाही ते तुझ्यापाशी आहे, अशा छोट्या छोट्या जोड्यांनी ती बांधलेली आहे. सुटका कर, हे तिच्यातही मागितले आहे. नाही असे नाही. पण आजचा दिवस निभावण्याची ताकद आधी येते. ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला महिनाही उरला नसताना, बोनहोफरना फाशी दिले.

विदर्भात वाढलेल्या माणसाला हे परके वाटू नये. सेवाग्रामला गांधीजींची सकाळची प्रार्थना भल्या पहाटे होत असे आणि तिच्यात सर्व धर्मांना जागा असे. तुकडोजी महाराजांनी गावागावांत सकाळचे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची प्रार्थना रुजवली. आपल्यातले खेड्यातून येणारे विद्यार्थी ती म्हणूनच मोठे झाले. शब्द आणि देव वेगवेगळे, पण दिवसाला तोंड देण्याआधी क्षणभर थांबायचे, ही सवय तीच.

आता थोडे आपल्या बॅचचे. एप्रिल-मे २०२१ कोणी विसरलेले नाही. ग्रुपवर दर दोन-तीन तासांनी कोणाला तरी बेड हवा असायचा, नाहीतर ऑक्सिजनचा सिलिंडर. त्या दिवसांत आपली एक मैत्रीण, जिचे वडील रेल्वेत होते आणि जी शाळेत शेवटच्या तासाला सगळ्यांना चिंचा वाटायची, रोज सकाळी सहाला स्वतःच्या आवाजात एक प्रार्थना पाठवायची. दीड-दोन मिनिटांची. मराठीतच, साधी, आणि शेवटी ग्रुपवरच्या आजारी माणसांची नावे. पहिल्या दिवशी एक-दोघांनी ‘ग्रुपवर धर्म नको’ असे लिहिले. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशीही पाठवली, आणि हरकत घेणाऱ्याच्या आजारी वडिलांचे नाव त्यात घेतले. त्यानंतर कोणी काही बोलले नाही. आठवडाभराने तिचा मेसेज यायला सहाचे सव्वासहा झाले, तर चार जणांनी विचारले, आज का नाही?

त्या दोन महिन्यांत आपण तीन वर्गमित्र गमावले, आणि एक सर. तिने त्यांची नावे रोज घेतली होती. मी तिला नंतर फोनवर विचारले, अगं, तू रोज मागत होतीस, तरी ते गेले. तुला राग नाही आला? ती म्हणाली, ‘आला ना. राग आला तर तोही प्रार्थनेतच सांगायचा असतो. आमच्या आजीने शिकवलंय. आणि हे बघ, मी बरं कर असं म्हणायचे, पण त्याच्या आधी आज त्यांना एकटं वाटू देऊ नको, असं म्हणायचे. तेवढं तरी झालं असेल.’

इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा उत्तरावर मत देऊ नये. मी फक्त नोंद करतो की तिच्या आजीने म्हटलेली पदे टिळकांची होती. आजीच्या वापरातले ‘उपासना संगीत’ तिच्याकडे अजून आहे. बांधणी उसवलेली, पाने मऊ पडलेली, आणि समासात पेन्सिलीने लिहिलेली घरातल्या आजारपणांची नावे आणि वर्षे.

स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी साडेसातला आपण मैदानात पुन्हा ओळी करणार आहोत. आधी आपली नेहमीची प्रार्थना होईल, आणि त्यानंतर गेलेल्यांसाठी दोन मिनिटे स्तब्धता. मग आपली ही मैत्रीण आणि तिची बहीण टिळकांचे एक पद म्हणणार आहेत. पेटीवर आपले संगीताचे सर असतील; सरांनी होकार दिला आहे. उशिरा येणाऱ्यांसाठी गेट या वेळी उघडे राहील.